कथलाचा साचा

आइस्क्रीमच्या कारखान्याच्या थोरल्या मालकाने लाकडी डबा टेबलावर ठेवून झाकण काढलं. आत मखमलीवर करड्या भुकटीचा ढीग होता.

"हा बाबांचा साचा. शुद्ध कथलाचा, त्यांनी स्वतः ओतलेला. आमचा धंदा याच्यावर उभा राहिला. धाकट्याने यावर ॲसिड ओतलंय. तुम्ही सिद्ध करा, आजच त्याला घराबाहेर काढतो."

खासगी गुप्तहेर ताईंनी भुकटीत बोट फिरवलं. त्यांचा मदतनीस बसल्या जागी पेंगायचा, म्हणून त्याचं नाव डुलक्या. आज मात्र तो टक्क जागा होता. सख्खा भाऊ भावाच्या मुळावर उठलेला पाहून त्याची झोपच उडाली होती.

"डबा कुठे होता?" ताईंनी विचारलं.

"सगळ्यात थंड खोलीत, हाडं गोठतात तिथे. बाबा गेले तेव्हा मीच नेऊन ठेवला. थंडीत ठेवलेलं काही नासत नाही, हे आमच्या घरात तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. किल्ली आम्हा दोघांकडेच."

धाकटा कारखान्यात यंत्रं धूत होता. "ॲसिड माझ्याकडे आहे, नाही कशाला म्हणू? नळ्यांवरचा क्षार त्यानेच निघतो. साचा मोडीत काढा असंही रागात बोललो होतो. पण बाबांच्या हातची वस्तू होती ती, ताई." तो पुन्हा नळी घासू लागला.

"ॲसिड याचं, राग याचा, किल्लीही याच्याकडे," डुलक्या कुजबुजला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"कांकण आधी बघू तर दे," ताई म्हणाल्या.

थोरल्याची बायको ताईंना बाजूला घेऊन म्हणाली, "मागे यांची किल्ली घेऊन मी साचा पुसायला काढला, तर त्यावर करडे फोड आले होते. हात लावला तसा भुगा पडला. आळ माझ्यावर येईल म्हणून बोलले नाही."

ताईंनी सगळ्यांना दूध आटवायच्या खोलीत बोलावलं. लोखंडी पळीत भुकटी घेतली, कल्हईवाले टाकतात तसा चिमूटभर नवसागर टाकला आणि पळी आचेवर धरली. धूर निघाला. मग पळीत चकचकीत पांढरा रस हलू लागला.

"हे कथीलच आहे," ताई म्हणाल्या. "ॲसिडने खाल्लं असतं, तर त्याचं दुसरंच काही झालं असतं, नुसतं तापवून परत आलं नसतं. आणि ॲसिड मखमलीला बरं सोडेल? तिच्यावर साधा डागही नाही. बर्फाचं पाणी झालं तरी ते पाणीच. तसंच हे. शुद्ध कथील कडाक्याच्या थंडीत फार दिवस राहिलं की फुगतं, त्यावर फोड येतात आणि शेवटी त्याची भुकटी होते."

"मग गुन्हेगार कोण?" डुलक्याने विचारलं.

"कोणी नाही. साचा जपायला गेले, तिथेच घात झाला."

थोरला मटकन खाली बसला. "म्हणजे मीच की. आणि मी तुला हाकलायला निघालो होतो रे."

"कथील तर आहे ना, दादा? दोघं मिळून पुन्हा ओतू." धाकटा त्याच्याशेजारी जमिनीवर टेकला.

"तू गेला असतास?" थोरल्याने हळूच विचारलं.

"दारापर्यंत गेलो असतो," धाकटा म्हणाला. "पुढे कुठे जायचं, ते तुलाच विचारावं लागलं असतं."