सतराव्या ओळीनंतर

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. ज्याच्या घरात हे घडलं तो अजून त्याच घरात राहतो, त्याच खुर्चीत बसतो. विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. मंगळवार होता, सकाळचे पावणेबारा वाजले होते आणि खिडकीतून स्वच्छ ऊन आत आलं होतं.

त्यानं कानातले दोन्ही इअरबड काढले.

आणि शांतता तशीच राहिली...

बायको गेल्याचं त्याला कळलं ते असं.

तो एका मासिकासाठी हेडफोन, स्पीकर, इअरबड तपासायचा आणि त्यांना गुण द्यायचा. कचेरीत त्याला सगळे कानसेन म्हणत. त्याच्याकडे महागडी यंत्रं नव्हती. त्याच्याकडे बायको होती. तिनं बसस्थानकावर सव्वीस वर्षं घोषणा दिल्या होत्या. सकाळची पहिली गाडी असो की शेवटची, तिचा आवाज एका पट्टीत. ना वर, ना खाली. असं माप बाजारात विकत मिळत नाही, असं तो म्हणायचा. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "अहो, बायकोचं ऐकू न येण्याचा पगार घेणारे जगात तुम्ही एकटेच."

त्यांची पद्धत पक्की होती. पंखे बंद. खिडक्या बंद. फ्रिजचासुद्धा प्लग काढायचा. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची आणि जुन्या घोषणांच्या चाळीस ओळी वाचायची. आधी आकडा, मग ओळ, मग अर्धं मिनिट थांबायचं. तो बाहेरच्या खोलीत तिच्याकडे पाठ करून बसायचा. डोळे मिटलेले, डाव्या हाताचं बोट कागदावरच्या ओळीवर, उजव्या हातात पेन. ऐकू आलं तर बरोबरची खूण. नाही आलं तर नुसतं बोट खाली सरकवायचं.

मागे वळून बघायचं नाही. ओठ दिसले की न ऐकलेलंही ऐकू आल्यासारखं वाटतं, असा त्याचा अनुभव होता. वाचून संपलं की ती येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. तेव्हाच इअरबड काढायचे.

त्या महिन्यात मधल्या किमतीतले तीन जोड आले होते. आजूबाजूचा आवाज थांबवणारे. एक काळा, एक पांढरा, एक करडा. काळ्यातून आणि पांढऱ्यातून तिचा आवाज बारीक, पण शेवटपर्यंत ऐकू आला होता. मंगळवारी करड्याची पाळी होती.

एक ते सतरा ओळी त्याला ऐकू आल्या.

अठरावी आली नाही.

एकोणिसावी आली नाही.

मग काहीच आलं नाही...

तो खूश झाला. या जोडाच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की, थोडा वेळ गेला की तो आजूबाजूचा आवाज ओळखायला शिकतो आणि मग पूर्ण अडवतो. शिकला बुवा, असं त्याला वाटलं. त्यानं समासात लिहिलं, 'सतराव्या ओळीनंतर पूर्ण बंद. अप्रतिम.' मग तो खांद्यावर हात पडायची वाट बघत बसला. वीस मिनिटांचं काम. पंचवीस झाली. आली असेल कोणी शेजारीण, बसली असेल बोलत, म्हणून तो थोडा चिडलासुद्धा. तीस मिनिटांनी त्यानं इअरबड काढले.

ती स्टुलाशेजारी फरशीवर होती. कागद हातातच होता.

थोडं आधी आणलं असतं तर... एवढं बोलून डॉक्टरांनी बाकीचं वाक्य गिळलं. ते गिळलेलं वाक्य त्याला पुरतं ऐकू आलं. फ्रिजचा प्लग परत लावायचं कोणाला सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी घरभर नासल्याचा वास सुटला, तेव्हा लक्षात आलं.

येणारे-जाणारे म्हणत होते, झटक्यात गेल्या, त्यांना कळलंही नसेल. तिचा धाकटा भाऊ तेवढा तसं म्हणाला नाही. तो बस दुरुस्त करणारा मेकॅनिक. बहिणीनंच त्याला त्या कामाला लावलं होतं. सगळे गेल्यावर तो जवळ येऊन बसला आणि खाली बघत म्हणाला, "भाऊजी, ताईनं हाक मारली असेल ना?"

 

त्या दिवसापासून कानसेनच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. तिनं हाक मारली होती का? किती वेळा?

मासिक काही कोणासाठी थांबत नाही. संपादक बाईंनी फार संकोचानं विचारलं. त्यानं टिपणं होती तशी पाठवून दिली. कचेरीत कोणीतरी ती नीट लिहून काढली आणि करडा जोड पहिला आला. 'माणसाचा आवाज पूर्णपणे थांबवणारा या किमतीतला एकमेव जोड' असं छापून आलं. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते त्याला. त्यानं ते छापलेलं पान वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं.

लोकांनी त्याच्या शब्दावर तो जोड घेतला.

ती गेल्यावर अडीच महिन्यांनी बाईंचा फोन आला. वाचकांच्या तक्रारी आल्या होत्या. करड्यातून माणसाचं बोलणं चांगलं ऐकू येतं, पहिल्या मिनिटालाही येतं आणि तासाभरानंतरही येतं. कानसेनना कसं नाही आलं? बाई म्हणाल्या, चूक झाली असेल तर तसं छापू, फक्त एकदा पुन्हा तपासा.

त्यानं फोन ठेवला आणि लगेच करडा जोड शोधून काढला.

कारण ते खरं असेल, तर त्या दिवशी तिनं मारलेली हाक त्याला ऐकू आली असती. आली नाही, म्हणजे तिनं मारलीच नव्हती. म्हणजे ती खरंच झटक्यात गेली.

आणि तक्रारी खोट्या असतील, तर...

पुढचं त्याला मनातही म्हणवेना.

त्यानं मेहुण्याला बोलावलं. मेहुण्याची साप्ताहिक सुट्टी मंगळवारची. मुद्दाम वार धरून कोणी काही केलं नाही. सगळं ऐकून मेहुणा म्हणाला, "मी वाचतो. आज काय ते एकदाचं कळू दे."

पंखे बंद केले. खिडक्या लावल्या. फ्रिजचा प्लग काढला. मेहुणा स्वयंपाकघरात त्याच स्टुलावर बसला. वाचायचा कागदही तोच होता, दुसरा नव्हता.

कानसेननं खुणांचा नवा कागद पुढ्यात घेतला, करडे इअरबड कानात घातले. पाठ केली. डोळे मिटले.

"एक. फलाट दोनवर गाडी लागलेली आहे."

लख्ख ऐकू आलं. मेहुण्याचा आवाज घोगरा, घोषणेचा सूर नाही, पण शब्द न् शब्द कळत होता. त्यानं खूण केली. दोन. खूण. तीन. खूण. दहाव्या ओळीपर्यंत त्याच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं होतं. वाचक खरं सांगत होते. या डबड्यातून सगळं ऐकू येत होतं.

पंधरा. सोळा. सतरा.

मग शांतता...

अर्धं मिनिट गेलं.

एक मिनिट गेलं असेल.

कानावर काही पडेना. जोड शिकला की काय? की मेहुणा थांबला? वळून बघावं असं दहादा वाटलं. पण इतक्या वर्षांची सवय, मान वळेना. दोन-तीन मिनिटं गेली असतील...

"अठरा. प्रवाशांनी फलाटाच्या कडेला उभं राहू नये."

आवाज घोगरा नव्हता.

एका पट्टीत होता. ना वर, ना खाली.

त्याच्या हातानं खूण केली. हाताला फरक कळला नाही, हात आपलं काम करत राहिला. एकोणीस. वीस. ओळीमागून ओळ येत राहिली. आकडा, ओळ, बरोबर अर्धं मिनिट. तेविसाव्या ओळीत तिला नेहमी एका गावाच्या नावावर किंचित श्वास घ्यावा लागे. तिथं श्वास घेतला गेला...

त्यानं डोळे उघडले नाहीत. भीतीनं नाही. उघडले तर थांबेल, म्हणून.

"चाळीस. स्थानकावर थुंकू नये."

संपलं.

आता ती येणार होती. स्वयंपाकघरापासून खुर्चीपर्यंत तिची नऊ पावलं व्हायची. तो मनात मोजू लागला. एक. दोन. तीन... नऊ झाली. दहा झाली. त्यानं खांदा थोडा ताठ धरला. जन्मात कशाची वाट बघितली नसेल इतकी त्यानं त्या हाताची वाट बघितली.

हात आला नाही.

शेवटी त्यानं इअरबड काढले, आणि दाराची घंटा कानठळ्या बसतील अशी वाजत होती.

दारात मेहुणा होता. डोळे सुजलेले, शर्टाची बाही ओली.

तो म्हणाला, सतराव्या ओळीपुढे कागदाला चुरगळल्याची घडी पडली होती, ताईच्या मुठीची. ती बघितली आणि पुढे वाचवेना. तसा तो स्वयंपाकघरातल्या मागच्या दारानं जिन्यात जाऊन उभा राहिला. दार मागे आपोआप लागलं, आतली कडी पडली. मग तो फिरून पुढच्या दारी आला.

"दहा मिनिटं बेल दाबतोय, भाऊजी. मला वाटलं, तुम्हालाही काही झालं."

कानसेननं स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. स्टूल रिकामं. कागद स्टुलावर. मागचं दार बंद, कडी आतून पडलेली.

कोणी नव्हतं.

तो परत खुर्चीपाशी आला आणि त्यानं आपला कागद उचलला. एक ते चाळीस, प्रत्येक ओळीपुढे खूण होती. आणि सतरा-अठराच्या मधल्या कोऱ्या पट्टीत, जिथं कुठलीच ओळ नव्हती, तिथं आणखी खुणा होत्या. एकीला एक लागून. घाईघाईनं केल्यासारख्या.

त्यानं त्या मोजल्या.

सहा.

त्या दोन-तीन मिनिटांत त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. हे तो आजही शपथेवर सांगतो. आणि ऐकू आल्याशिवाय त्यानं आयुष्यात कधी खूण केली नव्हती.

मेहुणा पाणी प्यायला, त्यानं तोंड पुसलं. मग त्यानं विचारलं, "मग? ऐकू येतं का यातून?"

"येतं."

"नीट?"

"नीट येतं. तुझा शब्द न् शब्द आला."

मेहुण्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हणजे ताईनं हाक मारली नाही," तो म्हणाला. "मारली असती तर तुम्हाला आली असती." आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदा तो मोकळेपणानं रडला. रडता रडता हसलाही. म्हणाला, देवानं तेवढं तरी चांगलं केलं.

कानसेननं कागदावर तळहात ठेवला होता. तो त्यानं उचलला नाही.

"या कसल्या खुणा?" बोटांच्या फटीतून काहीतरी दिसून मेहुण्यानं विचारलं.

"पेन घसरलं," तो म्हणाला.

याला आता चार महिने झाले. त्यानं करडा जोड पुन्हा कानात घातलेला नाही. दुपारी घरातले पंखे बंद असले की तो उठून बाहेर जातो. कुठं जातो ते विचारलं तर सांगत नाही. बाईंचे तीन निरोप येऊन गेले. चौथ्यात त्यांनी एवढंच विचारलं होतं, येतं ऐकू की नाही, एका शब्दात कळवा.

त्या एका शब्दावर तो अडला आहे.

मासिकाच्या यादीत करडा जोड अजून पहिलाच आहे. फेरतपासणी पाठवायची राहिली आहे. मेहुण्याला कागद दाखवायचा राहिला आहे.