खिळ्यावरचा मीटर

हे ऐकीव नाही, माझ्यावर गुदरलंय. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

आणि हो, रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपारी, सव्वातीनला, आमच्या रिपेअरिंगच्या दुकानामागच्या खोलीत घडलं. बाहेर लोक येत-जात होते.

पलीकडच्या खोलीत आई झोपून होती. तिचं ऑक्सिजनचं मशीन सकाळीच बंद पडलेलं. बोर्डावरचं सॉफ्टवेअर उडालं होतं. सिलिंडर लावला होता, पण त्यात जेमतेम अर्धा तास उरला होता. दुसरा कुठेच मिळेना. ॲम्ब्युलन्सवाले तासाभरापासून "निघालोय" एवढंच म्हणत होते.

दुकान खरं तर दादाचं. दोन वर्षांपूर्वी याच टेबलापाशी काम करताना त्याला शॉक लागला. जागीच गेला. मी शेजारी उभा होतो.

"दादाने चुटकीसरशी केलं असतं रे," आई धापा टाकत म्हणाली.

तेवढंच ऐकायचं बाकी होतं.

सॉफ्टवेअर परत भरायला बोर्डाला चार वायरी जोडल्या. लॅपटॉप लावला. करंट दिला...

चट्.

चिपवर बोट ठेवलं तर चटका बसला. पिना मी वरून मोजल्या होत्या, आणि वायरी लावल्या बोर्ड पालथा करून. डावं-उजवं फिरलं. पाच व्होल्ट नको त्या पिनेत गेले आणि चिप जळाली. या धंद्यात पहिल्या दिवशीही कोणी करू नये अशी चूक.

आता एकच बोर्ड उरला होता. भंगारात काढलेल्या जुन्या मशीनचा. तोही जळला तर आई...

 घाईघाईने त्याला वायरी लावल्या. बटणाकडे हात नेला.

पीऽऽऽ...

हा आवाज मी झोपेतही ओळखेन. करंट देण्याआधी दादा प्रत्येक वायर मीटरने तपासायचा. नको तिथे जोड लागला असेल तर मीटर असाच ओरडायचा.

मी मागे वळलो.

दादाचा मीटर खिळ्याला टांगलेला होता. दादा गेल्यापासून मी त्या मीटरला हात लावला नव्हता. त्याच्या दोन्ही वायरी हवेत लोंबत होत्या.

मी हात मागे घेतला. आवाज थांबला.

पुन्हा पुढे नेला...

पीऽऽऽ.

मी बोर्ड उलटून पिना मोजल्या. पुन्हा तीच चूक केली होती मी. रडत रडत वायरी बदलल्या.

हात बटणाकडे नेला.

काहीच वाजलं नाही.

बटण दाबलं. स्क्रीनवर आकडे पळू लागले. बोर्ड मशीनमध्ये बसवला आणि मशीन घरघरलं. आईचे निळे पडलेले ओठ हळूहळू पूर्ववत झाले.

मग मी मीटर उघडून पाहिला. आतला सेल फुटून पांढरा पडला होता. कधीचाच संपलेला.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. संध्याकाळी तिने नेहमीचा प्रश्न विचारला.

"त्या दिवशी दादाने तुला मेन स्विच बंद करायला सांगितलं होतं. तू केला होतास ना रे?"

दोन वर्षं मी तिला एकच उत्तर देत आलोय.

"हो आई. केला होता."

दुकानामागच्या खोलीतून...

पीऽऽऽ.

आईने त्या खोलीकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे. मग तिने कूस बदलली.

मशीन अजून नीट चालतंय. तो प्रश्न मात्र आईने पुन्हा कधीच विचारला नाही.