जांभळी पावलं

"बंटी, पिचकारी खाली ठेव आणि आधी इकडे ये!"

मंजिरीताईची हाक जिन्याखालून आली आणि बंटीच्या कपाळाला आठ्या पडल्या. आज रंगपंचमी! शाळेला सुट्टी, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी ती भलीमोठी मिरवणूक, आणि यंदा त्यांच्या गल्लीचा ठेला, म्हणजे रंगाने भरलेली हातगाडी, पहिल्यांदाच गेरीत जाणार होता. अशा दिवशी पिचकारी खाली ठेवायला सांगणारी ताई म्हणजे शत्रूच! पण ताईचा आवाज रडवेला वाटला, म्हणून तो आणि शेजारचा नीरज दोघेही धावले.

जिन्याखालच्या खोक्यात जलेबी मान टाकून पडली होती. तिच्या तोंडातून फेसाळ लाळ गळत होती. तिचा भाऊ पोहाही डोळे मिटून थरथरत होता. दोन्ही मांजरीची पिल्लं, महिन्या-सव्वा महिन्याची. त्यांची आई जवळ बसून काळजीने त्यांना हुंगत होती.

"अरे यार, काल तर किती मस्ती करून राहिली होती!" नीरज म्हणाला.

तेवढ्यात आई हळद घातलेलं दूध घेऊन आली. जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या या घरात पोट दुखो, पाय मुरगळो, नाहीतर गणिताचा पेपर अवघड जावो, इलाज एकच, हळदीचं दूध!

"थांब आई! आधी सुमेधामावशीला विचारते," मंजिरी म्हणाली.

सुमेधामावशी इंदूरजवळच्या महूला जनावरांची डॉक्टर होती. फोन शेजारी नीरजच्या घरी होता. मंजिरीने तिकडे धावत जाऊन नंबर फिरवला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"तोंडात काही ओतू नका. दूध नाही, तेल नाही!" मावशी म्हणाली. "उलटी काढायला जाऊ नका. कोमट पाण्याच्या फडक्याने तोंड आणि पंजे पुसा, नीट कोरडे करा आणि उबेत ठेवा. अंग चाटू देऊ नका. गेरीमुळे रस्ते बंद आहेत, मला संध्याकाळ होईल. तोवर त्यांनी काय चाटलंय ते शोधा, मंजू. ते कळलं तर औषध नेमकं देता येईल. नाही कळलं तर मला अंदाजाने द्यावं लागेल, आणि एवढ्याशा जिवांना चुकीचा अंदाज झेपणार नाही गं."

मंजिरी डोळे पुसतच घरी धावली. रडायला वेळ कुठे होता! आईने गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवली. मंजिरीने हाताला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि जलेबीचा मळका पंजा ओल्या फडक्याने पुसला.

फडकं जांभळं झालं! गर्द, चमकदार जांभळं!

"हा रंग कुठून आला? पंजा तर नुसता मातीने भरलेला दिसत होता!" बंटी ओरडला.

नीरजने डोकं खाजवलं. "म्हणजे कोरडा असताना दिसत नाही. पाणी लागलं की रंग खुलतो. बंटी, तुझी पिचकारी आण! साधं पाणी भर!"

बंटीला हे दोनदा सांगावं लागलं नाही. त्याने अंगणातल्या फरशीवर फुर्र् करून पाणी उडवलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग फरशीवर एक चिमुकलं जांभळं पाऊल उमटलं. त्याच्या पुढे दुसरं, त्याच्या पुढे तिसरं!

"अबे, क्या बात!" नीरज नाचायलाच लागला.

पावलं तुळशीला वळसा घालून गेली, कपडे वाळवायच्या दोरीखालून गेली आणि थेट कोळशाच्या खोलीच्या दाराखाली शिरली. दाराला कुलूप होतं. किल्ली दिनानाथकाकांच्या कमरेला!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. कापड मिलच्या रंगखात्यात त्यांनी जन्म घालवला. अलीकडे गल्लीत केबल आली, दुकानात परदेशी शीतपेयं आली, काकांची मिल मात्र बंद पडली. तेव्हापासून ते कुणाशी फारसं बोलत नसत. पण गेले काही दिवस त्या खोलीत त्यांची खुडबुड चालली होती आणि ते चक्क गुणगुणत होते!

काका तेवढ्यात आलेच. त्यांनी कुलूप उघडलं आणि एक पत्र्याचा डबा बाहेर ओढला. "चला रे, ठेला आणा! असा रंग कुणाच्या बापाने पाहिला नसेल. कापडावर बसला की फाटेपर्यंत निघत नाही!"

बंटी रागाने पुढे सरसावला. मंजिरीने त्याची कॉलर धरली. काका हट्टी आहेत, भांडलं तर डबा ठेल्यावर चढणारच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती गोड हसली.

"काका, पहिला मान तुमचा! या रंगाने आधी आम्ही तुमचं तोंड रंगवणार. बंटी, घे रे मूठभर!"

"अरे ए, हात नको घालूस!" काका दचकून ओरडले. "मिलमध्ये आम्ही हातमोजे घालून, नाकाला फडकं बांधून..."

आणि ते मध्येच थांबले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

मंजिरीने जांभळं फडकं त्यांच्यासमोर धरलं आणि जिन्याखालच्या खोक्याकडे बोट दाखवलं. काका वाकून बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"मिलमधला शेवटचा डबा होता, पोरी. वाटलं, आमच्या हातचा रंग एकदा अख्ख्या इंदूरला लागू दे." त्यांनी झाकण घट्ट बसवलं. "गाढव झालो मी! पोरांच्या डोळ्यांत गेला असता तर?"

मंजिरीला त्यांचा राग आला होता, तो कुठल्या कुठे गेला. गल्लीचा ठेला टेसूच्या, म्हणजे पळसाच्या, फुलांचा केशरी रंग घेऊन गेला. काका गेले नाहीत. त्यांनी खोली झाडून, धुऊन काढली, हात साबणाने खसाखसा धुतले आणि जलेबीला टॉवेलात घेऊन बसले. गेर सोडून ही तिघंही बसली. बंटीसुद्धा!

संध्याकाळी मावशी आली. डब्यावरचं रंगाचं नाव वाचून तिने मान हलवली. "आता औषध नेमकं ठरलं!" तिने दोघांना तपासलं, सुई टोचली. पोहा लगेच कुरकुरला, जलेबी मात्र हलेना.

"मावशी, जगेल ना गं?" मंजिरीने विचारलं.

"वाट पाहू."

सगळे जलेबीकडे बघत बसले. अचानक काका ताठ झाले. त्यांच्या मांडीवर काहीतरी गरम पसरत होतं. जलेबीने त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर कार्यक्रम उरकला होता! आणि वर मान उचलून, बारीक पण खणखणीत आवाजात ती ओरडली, "म्यॅंव!"

"शाब्बास!" मावशीने टाळीच वाजवली. "विष बाहेर पडतंय! आणि शाब्बास तुम्हा तिघांची! दूध पाजलं असतंत, रंग शोधला नसतात, तर मी येऊन काय केलं असतं?"

"हुशार आहेत माझी पोरं!" आई म्हणाली. "भावजी, द्या तिला इकडे. पायजमा बदलून या बघू."

"मुळीच नाही," काका हळूच म्हणाले. "आत्ता कुठे झोप लागतेय तिला."