ढगात वाजलेली डबल बेल

ही गोष्ट रचलेली नाही. रचायची असती तर शेवट तरी बरा केला असता.

माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत घडली. रात्री-बेरात्री नाही, भरदिवसा. पावसाळा संपून थंडी लागायच्या दिवसांत.

दादा बस चालवायचा. वहिनी त्याच गाडीवर कंडक्टर. आधी लग्न की आधी गाडी, असं कोणी विचारलं की वहिनी म्हणायची, "आधी गाडी. लग्न म्हणजे ओव्हरटाइम!"

त्यांचा शेवटचा थांबा एका डोंगराच्या पायथ्याशी होता. रोज तिथे गाडी वळवायची आणि परत फिरायचं.

"जन्म गेला याच्या पायाशी गाडी वळवण्यात," वहिनी कुरकुरायची. "एकदा वर काय आहे ते बघू तरी."

शेवटी दोघांची सुट्टी एकाच दिवशी आली. जेवणाचा डबा आणि पाण्याची स्टीलची बाटली घेऊन दोघं सकाळीच निघाले.

पायवाट अरुंद होती. एकीकडे कातळ, दुसरीकडे दरी. एकामागे एकच चालता यायचं. दादा पुढे, वहिनी मागे. कामावर असायचे तसेच.

दादाला मागे वळून बघायची सवयच नव्हती. मागचं सगळं वहिनी बघायची. एक बेल म्हणजे थांबा. दोन म्हणजे निघा. इतकी वर्षं त्याने त्या बेलवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

चढावर वहिनीने गंमत सुरू केली. बोटातली अंगठी बाटलीवर आपटायची.

टिंग. दादा थांबला. ती बुटाची नाडी बांधत होती.

टिंग टिंग. दादा निघाला.

"घरी का नाही हो असं ऐकत?"

"घरी तू बेल कुठे देतेस? घरी थेट हॉर्न!"

ती खळखळून हसली.

आणि मग... ढग उतरला.

सांगून-सवरून आला नाही. बघता बघता समोरची वाट पुसली गेली. दादाला स्वतःचे बूट तेवढे दिसत होते.

"आहेस ना गं?"

टिंग टिंग.

दादा कातळाला हात लावत चालू लागला.

"दमलीस का? बसायचं?"

टिंग टिंग.

बोलत का नाही ही? दम लागला असेल, त्याला वाटलं. तो चालत राहिला. मागून बेल येत राहिली. जवळून. अगदी पाठीशी.

मग वाट वळली. आणि त्या वळणावर...

खालून हाक आली.

"अहो! थांबा! कुठे चाललात मला सोडून?"

वहिनीचाच आवाज. पण लांबून. खूप खालून.

दादा जागीच थांबला.

ती खाली आहे.

मग... पाठीशी कोण आहे?

टिंग टिंग.

"अहो, मी पडलेय! पाय मुरगळलाय! खाली या!"

टिंग टिंग. टिंग टिंग. टिंग टिंग.

आता बेल घाईघाईने वाजत होती. निघा. निघा. निघा.

बायको खाली विव्हळत होती, आणि तिच्यापर्यंत जायची वाट एकच होती. मागे जे काही उभं होतं, त्याच्याच अंगावरून जाणारी.

त्याने डोळे घट्ट मिटले. वळला. आणि कातळाला पाठ घासत सुटला.

कोणीतरी त्याची बाही पकडली.

दोन्ही हातांनी. घट्ट.

दादाने जीव खाऊन हिसडा दिला. बाही सुटली. तो धावला, पडला, पुन्हा उठला. खालची हाक पुढे पुढे सरकत होती. "या ना... इकडे... अजून थोडं..."

मागून एकदाच आवाज आला.

टिंग.

थांबा.

तो थांबला नाही.

ढग संपला तेव्हा तो पायथ्याशी पोचला होता. स्वच्छ ऊन पडलं होतं. मोकळ्या मैदानात त्यांचीच रोजची बस वळत होती.

वहिनी कुठेच नव्हती.

हाकही थांबली होती.

शोधायला गेलेल्यांबरोबर मीही होतो. ओल्या मातीत दोघांचे बूट उमटले होते. दादाचे पुढे आणि वहिनीचे त्यांच्यामागे, हातभर अंतरावर. थेट त्या वळणापर्यंत.

तिथून दादाचे ठसे खाली वळले होते.

वहिनीचे तिथेच संपले होते. ना वर, ना खाली, ना दरीच्या कडेला. लोकांनी दोर सोडून दरीही पालथी घातली. काही सापडलं नाही.

मी दादाला काही सांगणार नव्हतो. पण त्याने माझं तोंड बघितलं आणि ओळखलं.

"ते हात गरम होते रे," तो म्हणाला. "मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"दादा, मग ती बोलली का नाही? एक शब्द तरी?"

"तिचा आवाज खाली होता ना," तो म्हणाला. "मग तिच्याकडे बेलशिवाय उरलं काय होतं?"

यावर तुम्हाला काही उत्तर सुचलं तर सांगा.

दादाने गाडी सोडली. ढग असला की तो त्या वळणावर जाऊन बसतो. मी समजावून थकलो. शेवटी मीही बरोबर जातो आणि त्याच्या दंडाला धरून बसतो.

आजवर काहीच ऐकू आलेलं नाही. पाखरूसुद्धा नाही.

मागच्या खेपेला तो म्हणाला, "एकदा हाक येऊ दे रे. वरून येवो, नाहीतर खालून."

"आणि ती वहिनी नसली तर?"

"आवाज तर तिचाच असेल ना?"

तेव्हापासून तिथे बसलो की मी त्याचा दंड दोन्ही हातांनी धरतो. तरी माहीत आहे... तो हिसडा देईल, तेव्हा माझ्याने तो धरवणार नाही.