एकच बटण

त्याने माझे अकरा कप फोडले, तेव्हा आमची ओळख झाली.

कप खरे नव्हते. ज्यांचे हातपाय साथ सोडताहेत अशा माणसांसाठी आमची कंपनी पडद्यावरची जगं बनवते. बाग, स्वयंपाकघर, तळ्याकाठची वाट. माणसाने खुर्चीत बसून पडद्यावर बोट टेकवायचं आणि त्या जगात चालायचं, वळायचं, वस्तू उचलायच्या. हे सगळं ज्या बटणांनी होतं ती बटणं मी करते. कुणी विचारलं की आई सांगते, मुलगी कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि विषय बदलते.

तो घड्याळजी. वय चौतीस. त्याच्या नसांच्या आजाराचं नाव एखाद्या फुलझाडाला शोभावं असं होतं. पुढचं मात्र तसं नव्हतं. बोटांपासून सुरुवात होऊन वर वर सरकणार, जगायला दीड-दोन वर्षं... हे सगळं त्याच्या ताईंनी मला जिन्यातच एका दमात सांगून टाकलं, आणि त्याच दमात विचारलं, चहात साखर किती.

दुकानामागच्या खोलीत मी पडदा त्याच्यासमोर उभा केला. त्याने कप उचलला. कप पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. अकराव्या कपानंतर मी वहीत लिहिलं, 'चूक वापरणाऱ्याची.' आमच्या ऑफिसात हे वाक्य रबरी शिक्क्यासारखं वापरतात.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्या कपांचं माझ्याशी काही वैर आहे का?"

"तुम्ही बटण दोनदा दाबता."

"मी एकदाच दाबतो. दुसऱ्यांदा ते बोट दाबतं. आमचं हल्ली पटत नाही."

जागा वाचवायची म्हणून धरणं आणि सोडणं मी एकाच बटणात कोंबलं होतं. एकदा दाबलं की धरायचं, पुन्हा दाबलं की सोडायचं. थरथरत्या बोटाच्या माणसाला वस्तू उचलून लगेच आपटायची याहून चांगली सोय नाही. या कल्पनेबद्दल त्या वर्षी मला प्रशस्तिपत्रक मिळालं होतं.

वहीतलं वाक्य मी खोडलं. मला ते खोडताना त्याने पाहिलं... आणि तो हसला. हसणं अजून पूर्ण त्याच्या ताब्यात होतं.

पुढच्या मंगळवारी दोन वेगळी बटणं घेऊन गेले. त्याने कप उचलला आणि तो घेऊन स्वयंपाकघरभर हिंडत राहिला. मी म्हटलं, आता ठेवा. तो म्हणाला, एवढ्यात? मग त्याने मला समजावलं की धरायच्या आधी हात थांबतो. चिमटा चाकाजवळ नेला की थांबायचं, श्वास सोडायचा, मग धरायचं. तुमचं बटण थेट झडप घालतं. हे सांगताना तो पडद्याकडे बघत नव्हता. मी बटणात अर्ध्या श्वासाची सवड टाकली. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा तांत्रिक आहे असं मी सांगितलं.

मंगळवार वाढत गेले. तळ्याकाठी पाऊस हवा असं त्याने सुचवलं, म्हणून मी पावसाची पट्टी बनवली; डावीकडे सरकवली की भुरभुर, उजवीकडे मुसळधार. त्याने तक्रार केली की थेंब खिळ्यांसारखे सरळ पडतात. मी ते तिरपे केले. पुढच्या खेपेला तो भुरभुर पावसात दहा मिनिटं नुसता उभा राहिला, आणि मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. आम्ही दोघं कोरडेच. त्या दिवशी कधीतरी तुम्हीचं तू झालं. नक्की कुणी आधी केलं यावर वाद आहे.

बटणं मात्र कमी होत चालली. सोळाची नऊ झाली. वळायचा गोल त्याच्या अंगठ्याला पेलेना, तिथे चार बाण आले, मग दोन. पावसाची पट्टी गेली. प्रत्येक बटण बिस्किटाएवढं होतं ते बशीएवढं झालं. दर खेपेला मी एखादी गोष्ट काढून घ्यायची आणि वर तिला सुधारणा म्हणायची. आई म्हणाली, अगं, लोक बांधलेलं घर बघून राहायला जातात, तू पाडायला काढलेलं निवडलंस. ती चुकीचं बोलत नव्हती.

मग एक मंगळवार असा आला की उजव्या हाताची तर्जनी तेवढी उरली. बोट एक, म्हणून बटण एक. ते कोणतं, यावर ऑफिसात बैठक झाली. मी 'चाला' म्हटलं. साहेबांनी नियमावली उघडली. नियम नववा: प्रत्येक पडद्यावर 'बाहेर पडा' हे बटण असलंच पाहिजे. बटण एकच असेल तर ते हेच. मी म्हटलं, म्हणजे ज्या जगात काहीच करता येत नाही, तिथून निघून तेवढं जाता येईल? साहेब म्हणाले, सुरक्षिततेच्या दृष्टीने. चौघांनी माना डोलावल्या.

मी त्याला सांगितलं. तो हसला; हसण्याचा आता खोकला होत असे.

"तुमचे साहेब आणि माझे डॉक्टर एकाच शाळेतले दिसतात," तो म्हणाला. आणि थोडं थांबून— "पुढच्या मंगळवारी येऊ नका."

तुम्ही. पाच महिन्यांनी पुन्हा तुम्ही. म्हणजे त्याने हे पाठ करून ठेवलं होतं. यापुढे आवाज जाईल, मग गिळणं, मग... ते तुम्ही बघायचं नाही, असं तो भिंतीकडे बघत बोलत राहिला. मी अडवलं नाही. वाक्य पूर्ण करायला त्याला आता वेळ लागायचा, आणि तो त्याचा होता.

पुढच्या मंगळवारी मी गेले. ताईंनी दार उघडलं आणि काही न विचारता बाजूला झाल्या. मी पडदा लावला, आणि माझा कीबोर्ड त्याच तारेला जोडला.

"नियमाप्रमाणे तुझ्याकडे एकच बटण आहे," मी म्हटलं. "चालणं, वळणं, पाऊस, सगळं माझ्याकडे. आपण दोघं एकाच वाटेवर आहोत. तुला मला घालवायचं असेल तर दाब. पडदा बंद होईल, मी सामान आवरीन आणि परत येणार नाही. कारण विचारणार नाही. तीन सेकंद दाबून धरायचं."

"तीन का?"

"चुकून दाबलं जाऊ नये म्हणून."

"आणि मुद्दाम दाबलं तर?"

"तर तीन सेकंद पुरेत."

मला वाटलं होतं, तो दाबणार नाही. त्याने दाबलं.

बटणाभोवती एक कडं भरत जातं, निळं. ते मीच काढलेलं. एक सेकंद... पाव वर्तुळाच्या पुढे. मी कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले. दोन... त्याचं बोट स्थिर होतं, बोटाचं आणि त्याचं पहिल्यांदाच पटल्यासारखं. कड्यात जेमतेम नखाएवढी फट उरली होती.

त्याने बोट उचललं.

सहा महिने मी त्या बोटाची मापं घेतली होती. दाबायला त्याला काहीच लागत नाही, हाताचा भारच पुरतो. उचलायला खांद्यापासून जोर लावावा लागतो. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

कडं रिकामं झालं. मी बाण दाबला. तळ्याकाठची वाट हळूहळू पुढे सरकू लागली.

दारातून ताईंनी विचारलं, आटपलं का तुमचं.

"नाही," तो म्हणाला. मग दम घेऊन, एकेक शब्द वेगळा ठेवत— "आम्ही... आत्ता कुठे... निघालोय."