विमान माझ्याकडे

बाबा डबा विसरून गेले, एवढंच त्या दिवशी घडलं होतं. आईने तो चिमणीच्या हातात दिला, आणि शाळेला सुट्टी असूनही चिमणी कुरकुर न करता निघाली. तिला विमानतळावर जायला निमित्तच हवं असे.

विमानतळ म्हणजे डोंगरमाथ्यावरची एकुलती एक धावपट्टी, पत्र्याची मोठी शेड आणि काचेच्या खोलीचा ठेंगणा मनोरा. मनोऱ्यात बाबा रेडिओवर बसत. आत्या टपालाचं छोटं विमान चालवायची.

पण चिमणीला जगात सगळ्यात मोठा माणूस कोण वाटे, तर मास्तर. आत्याला विमान चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. नऊ वर्षं ते तिच्या उजव्या हाताला बसले. समोरच्या फळीवर ते रिकामी काडेपेटी उभी ठेवत आणि विमान उतरवत. काडेपेटी पडत नसे. चाकं जमिनीला कधी टेकली हे शेजारच्यालाही कळायचं नाही. मास्तर "चला, पोचलो" म्हणत, तेव्हा कळे. उतरण्याआधी ते डावा पंख किंचित झुकवत, घरात शिरताना मोठ्यांना नमस्कार करावा तसा. चिमणीने ते कितीदा तरी पाहिलं होतं, आणि दर वेळी तिच्या अंगावर काटा आला होता.

मागच्या हिवाळ्यात मास्तर झोपेतच गेले. तेव्हापासून उजवी खुर्ची रिकामी होती. त्यांची काडेपेटी आत्याने तिथेच ठेवली होती, पण रोज उतरताना ती पडायची.

"तुझी आत्या आली की टायर असे किंचाळतात, खालच्या वस्तीला घड्याळ बघावं लागत नाही," बाबा म्हणायचे.

"धड उतरते ना? मग झालं," आत्या म्हणायची. पण काडेपेटी उचलताना ती कोणाकडे बघत नसे.

चिमणी जिना चढून वर आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि काचेबाहेर काहीच नव्हतं. धावपट्टी नाही, शेड नाही. नुसतं पांढरं. ओल्या राखेसारखा वास खोलीत शिरला होता.

"डबा..." ती म्हणाली.

बाबांनी बोट ओठांवर ठेवलं. रेडिओतून आत्याचा आवाज येत होता.

"दादा, तेल पंधरा मिनिटांचं उरलंय. दुसरीकडे जाता येणार नाही."

"घाबरू नकोस. सरळ ये. समोरच्या तबकड्यांवरच्या काट्यांकडे बघ."

"काटे म्हणतात सरळ आहे. मला वाटतंय, मी वळतेय... सारखी वळतेय. दादा, वर कुठे आणि खाली कुठे?"

बाबांच्या हातातली पेन्सिल थांबली. धुक्यात असं होतं हे चिमणीला माहीत होतं. मास्तरांनीच सांगितलं होतं, की धुक्यात आपलं डोकं आपल्याशी खोटं बोलतं, आणि भलेभले त्यावर विश्वास ठेवून डोंगरावर आदळतात.

"काट्यांवर विश्वास ठेव, बाळ," बाबा म्हणाले. आत्या चाळिशीची होती. तिला बाळ म्हणताना चिमणीने त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आत्याचं रेडिओवर बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं असावं. तिचा श्वास ऐकू येत होता. मग नऊ वर्षांच्या सवयीने, अगदी हळू, ती म्हणाली, "विमान तुमच्याकडे."

दोघं चालवणारे असले की हा नियम असतो. विमान कोणाच्या हातात, याचा क्षणभरही घोळ नको. देणाऱ्याने तसं सांगायचं, घेणाऱ्याने "विमान माझ्याकडे" म्हणायचं, मगच हात सोडायचा. आणि त्याने परत देईपर्यंत हात लावायचा नाही.

पण आज आत्या एकटी होती.

"अगं, कोणाला..." बाबा बोलायला लागले.

रेडिओ खरखरला. मग शांत, जरासा घोगरा आवाज आला.

"विमान माझ्याकडे."

बाबांची पेन्सिल खाली पडली. ती गडगडत भिंतीपर्यंत गेली, तरी कोणी उचलली नाही.

नंतर काहीच ऐकू आलं नाही. चिमणी काचेला नाक लावून उभी राहिली. धुकं एका जागी गडद झालं, आणि त्यातून विमान आलं. घाई नाही, डगमग नाही. डावा पंख किंचित झुकला. चिमणीने कान ताणले, पण टायर किंचाळले नाहीत. विमान कधी जमिनीवर आलं ते तिला कळलंच नाही. इतकं सुंदर काही तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी तिचे दात वाजत होते.

ती दोघं धावत गेली. बाबांनी दार उघडलं. आत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. फळीवर काडेपेटी उभी होती.

"दादा, मी नाही उतरवलं."

"बरं, बरं. आधी खाली ये."

"कशी येऊ? त्यांनी परत दिलं नाही अजून."

बाबांनी तिला जवळजवळ उचलूनच खाली घेतलं. धुकं विरायला लागलं होतं. चालता चालता आत्या एकदा हसली, लहान मुलीसारखी. "एवढं अलगद... मला जन्मात जमायचं नाही." मग तिचा चेहरा उतरला. "उद्या टपाल न्यायचंय. आता विमान परत कोणाकडे मागू?"

चिमणीने मागे वळून पाहिलं. इंजिन बंद होतं. वारा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला मरगळून लोंबत होती. विमानात कोणीच नव्हतं.

उजव्या खुर्चीपुढचा, विमान वळवायचा दांडा हळूच डावीकडे कलला, आणि डाव्या पंखाच्या कडेची पट्टी, तो पंख झुकवताना उचलतात तशी, अलगद वर उचलली गेली.

काडेपेटी हलली नाही.