बारावं पान

हेमराज झांबरेच्या डोक्यात जागा मिळावी म्हणून त्या आठवड्यात सतरा नातेवाईक येऊन गेले. रजनीबाईंनी ते मोजले होते, कारण प्रत्येकाचा अर्ज आधी त्यांच्याकडेच यायचा. भाच्याला दोन ओळी हव्या होत्या. व्याह्यांना एक परिच्छेद, तोही मानाचा. चुलतभाऊ मात्र उलट्या कामासाठी आला होता. बांधावरून झालेलं भांडण तेवढं वहीत नको, एवढंच त्याचं म्हणणं.

"बाई, तुमचं तो ऐकेल. शाळेत तुम्ही शिकवलंय त्याला."

"शाळेतही मी सांगतच होते," रजनीबाई म्हणाल्या. "तेव्हा कुठे ऐकलं त्यानं?"

रजनीबाई अत्तरदे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. यावलच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या आणि मग वीस वर्षांनी जळगावच्या या रुग्णालयानं त्यांना पुन्हा कामावर बोलावलं. पद होतं टाचणशिक्षिकेचं. आयुष्यभर मुलांना उताऱ्याचा सारांश लिहायला शिकवलेल्या बाईची डॉक्टरांना कधी गरज पडेल, असं शिक्षणखात्यात कोणाला वाटलं नव्हतं. रजनीबाईंना वाटलं होतं.

हेमराजला विस्मृतीचा आजार जडला होता. वय एकसष्ट, केळीचा व्यापारी, बोलायला बसला की समोरच्याचा चहा गार होणार. आता बोलता बोलता मध्येच थांबून तो भिंतीकडे बघत राहायचा. पहिल्याच भेटीत त्याची बायको योगिता हिनं डॉक्टर नजमा तडवींना सरळ विचारलं होतं, "म्हणजे मेंदूत नव्या पेशी घातल्या की हे पुन्हा पहिल्यासारखे?"

"पेशी पहिल्यासारख्या. आठवणी नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "रोगट पेशी काढल्या की त्यांच्यातलं सगळं त्यांच्याबरोबर जातं. बोलणं, चालणं, लिहिणं, हिशेब हे मेंदूत दुसरीकडे असतं. ते राहतं. जातं ते आयुष्य."

"आणि उपचार नाही केला तर?"

"तर दोन वर्षांत आयुष्यही जाईल आणि बोलणं-चालणंही."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "ताई, नव्या पेशी पहिले नऊ दिवस कोवळ्या असतात. त्या दिवसांत जे पुन्हा पुन्हा आठवावं ते त्यांच्यात मुरतं, खऱ्या आठवणीसारखं. नंतर नाही मुरत. नंतर शिकलेलं सगळं नुसती माहिती. आमचा अनुभव असा, की नऊ दिवसांत माणूस हातानं लिहिलेली बारा पानं पचवतो. तेरावं पान दिलं तर आधीचं एखादं पुसलं जातं."

"बारा पानं? यांची नुसती सकाळ बारा पानांची असते!"

"म्हणून तर बाई आहेत."

ही बारा पानं रुग्णानं आधीच, शुद्धीत असताना, स्वतःच लिहायची. दुसऱ्यानं लिहून दिलेलं चालत नसे. भाषेचा भाग शाबूत असतो, आणि आपल्या बोलण्याची जी ढब त्यात असते तिच्यावर नव्या पेशी मांडवावर वेल चढावा तशा चढतात. परक्याच्या वाक्यांना त्यांची पकड बसत नाही. परीक्षेआधी मैत्रिणीची वही उतरवून घेणाऱ्या मुलींना रजनीबाई पस्तीस वर्षं हेच बजावत आल्या होत्या. फक्त त्यांनी पेशींचं नाव घेतलं नव्हतं.

पण बाईंचीही एक चूक या रुग्णालयानं पकडली होती. सारांश म्हणजे मुद्दा ठेवा, उदाहरण गाळा, असं त्या वर्गात शिकवायच्या. पहिल्या पाच रुग्णांनी त्याबरहुकूम टाचणं काढली. ‘वडील कष्टाळू होते. आई प्रेमळ होती.’ उपचारानंतर ही माणसं घडाघडा पाठ म्हणायची आणि आईचा फोटो दाखवला की नम्रपणे नमस्कार करायची. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मग त्यांनी आपला नियम स्वतःच्या हातानं उलटा केला: उदाहरण ठेवा, मुद्दा गाळा. आई प्रेमळ होती हे लिहू नका. ती तव्यावरची पहिली पोळी कोणाला द्यायची ते लिहा, प्रेमळपणा मेंदू आपला आपण काढून घेईल. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्वतःचाच धडा खोडणारी माणसं फार नसतात. बाई त्याबद्दल कोणाला सांगत नसत. डॉक्टर नजमा सगळ्यांना सांगत.

आणि आता त्यांच्यासमोर हेमराज होता. दहावीला बारा ओळींच्या उताऱ्याचा यानं एकोणीस ओळींचा सारांश लिहिला होता आणि खाली खुलासा केला होता की लेखकाच्या काही गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या.

"किती झालं?" बाईंनी विचारलं.

"दोनशे बारा," हेमराजनं वह्यांची चळत टेबलावर ठेवली. "अजून शेवटची दहा वर्षं राहिलीत."

"आता पेन खाली ठेव. सगळं एकदा नुसतं वाच. खुणा करू नकोस, रेघा मारू नकोस. पहिल्या वाचनात रेघ मारणाऱ्याला सगळंच महत्त्वाचं वाटतं. मग वह्या मिट आणि मला सांग, काय आठवतंय? जे वही मिटल्यावर उरतं तिथून टाचण सुरू होतं."

तीन आठवडे हे चाललं. वाचायचं, मिटायचं, आठवायचं, एक दिवस सोडून पुन्हा आठवायचं. दोनशे बाराची साठ पानं झाली, साठाची तीस. तिसावर तो अडला. एक ओळ काढायची म्हटली की तोंड असं करायचा जणू कोणाला घराबाहेर काढतोय.

मग एका सकाळी तो अकरा पानं घेऊन आला. बाईंनी चष्मा पुसून वाचायला घेतली. आई होती, एका पानात, तिच्या वाळवणासकट. सव्वा वर्षाची असताना गेलेली मुलगी होती. बुडून मेलेला दोस्त अश्फाक होता, त्याच्या शिट्टीसकट. वाक्यं आखूड, एकही विशेषण नाही. बाईंनी उभ्या आयुष्यात याहून चांगलं टाचण पाहिलं नव्हतं. शेवटचं पान उलटून त्या थांबल्या.

"हेमराज, यात योगिता कुठे आहे?"

"नाहीये."

"मुलगा?"

"तोही नाहीये. तुम्ही नाही, डॉक्टर नाहीत, ते सतराच्या सतरा नाहीत." तो हसला. "बाई, मी चाळीस वर्षं गाड्या भरल्या. जे मुक्कामावर मिळतं ते गाडीत कोण लादतं? ही सगळी जिवंत आहेत. भेटतील, बोलतील, आपलं आपण सांगतील. पण अश्फाकचं मला कोण सांगणार? पोरीचं योगिता सांगणार नाही, ती तिचं नावही घेत नाही. जे फक्त माझ्याकडे आहे तेवढंच मी भरलं."

बाईंनी पानं नीट जुळवून ठेवली. वर्गात असता तर त्यांनी त्याला पुढच्या बाकावर आणून बसवला असता. पण त्यांची मास्तरकी इतक्यात सुटणारी नव्हती.

"आणि ते पत्र?" त्यांनी विचारलं.

दोनशे बारा पानांत चार पानं त्या पत्राची होती. लग्नानंतर दोन वर्षांनी योगिताला परिचारिकेच्या नोकरीचं नियुक्तीपत्र आलं, धुळ्याला. हेमराजनं ते पोस्टमनकडून परस्पर घेतलं आणि वखारीत लपवलं. मुदत टळून गेली. अकरा वर्षांनी योगितालाच ते पत्र सापडलं. ती भांडली नाही, रडली नाही. तोही काही बोलला नाही. ते तसंच राहिलं.

"तेही गाळलंस. सोयीचं आहे तुला!"

"सोयीचं असतं तर ठेवलं असतं, बाई." पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "मी लिहिलं की मी कबूल करून मोकळा. ते तिचं आहे. सांगायचं की पुसून टाकायचं, ते तिनं ठरवावं. म्हणून बारावं पान कोरं ठेवलंय."

उपचार झाला. हेमराज शुद्धीवर आला, स्वच्छ डोळ्यांनी इकडेतिकडे पाहू लागला आणि योगिताला म्हणाला, "नमस्कार. तुम्ही इथल्या का?"

योगिता बाहेर आली आणि बाकावर बसली. रजनीबाई तिच्या शेजारी बसल्या. वहीत आपण का नाही हे तिला आधी सांगितलेलं होतं, तिला पटलंही होतं. पटलेलं असणं आणि नवऱ्यानं नमस्कार करणं यांत बरंच अंतर निघालं.

"बाई, मी काहीही सांगू शकते," ती म्हणाली. "आम्ही सिमल्याला गेलो होतो म्हणून सांगू शकते. मी नोकरी केली, यांनीच मला धुळ्याला पोचवलं, असंही सांगू शकते. तपासणारा कोण आहे?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या.

तीन दिवस ती आत जाऊन नुसती बसली. बाई सकाळ-संध्याकाळ पाठ घ्यायच्या. हेमराज आईचं पान म्हणायचा आणि वाळवणापाशी आला की डोळे पुसायचा. अश्फाकची शिट्टी वाजवायचा. चौथ्या दिवशी योगितानं त्याच्यापुढे वही उघडून ठेवली आणि पत्राची गोष्ट एका दमात सांगितली. काही वाढवलं नाही. हेमराज ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला, खरा राग.

"असा माणूस होता तो?" तो म्हणाला. "मग तुम्ही राहिलात कशाला त्याच्याजवळ?"

योगिता दाराशी उभ्या असलेल्या बाईंकडे बघू लागली. तेवीस वर्षं जे ऐकायचं होतं ते सांगणारा माणूसच आता खोलीत नव्हता. समोर होता तो तिच्या बाजूनं भांडणारा एक भला परका.

"तो म्हणजे तुम्ही," ती म्हणाली. "तुमच्या शब्दांत लिहा. आणि रोज म्हणा."

त्यानं लिहिलं. सहा ओळी. बाईंनी त्या इतर पानांसारख्याच घ्यायला सुरुवात केली. त्या पानाच्या पहिल्या दिवशी तो इतिहासातली सनावळी म्हणावी तसं म्हणाला, ‘मी योगिताचं पत्र पोत्यांखाली ठेवलं.’ दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच विचारलं, "पोती ओली होती का?" योगिताला ते माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी तो सांगू लागला की ओली होती. उपचारानंतरच्या आठव्या दिवशी संध्याकाळी तो दुसऱ्या ओळीवर अडखळला. विसरला नव्हता. त्याला योगितासमोर ती म्हणता येईना.

नवव्या दिवशी डॉक्टर नजमांनी दोघींना बाहेर बोलावून पडद्यावरचं चित्र दाखवलं. "हा भाग बघा, आज उजळला. माहितीला तो कधीच उजळत नाही. स्वतः केलेल्या आणि केल्याचा पस्तावा असलेल्या गोष्टीलाच उजळतो. अशी पकड मी आजवर पाहिली नाही. बाई, कमाल केलीत तुम्ही दोघींनी."

योगितानं त्या तांबड्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"मी खोटं सांगितलं असतं," तिनं विचारलं, "तरी उजळला असता?"

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हो. एवढाच."

योगितानं मान हलवली आणि ती आत गेली. हेमराज खिडकीकडे तोंड करून बसला होता. पावलं ऐकून त्यानं मान वळवली, पण नजर वर उचलली नाही. नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्यानं तिला ‘तुम्ही’ म्हटलं नाही.

"योगिता, तुझं ते पत्र... मी..."

तो थांबला. दाराशी रजनीबाई सवयीनं पुढचा शब्द सुचवायला निघाल्या होत्या. योगितानं हात वर करून त्यांना गप्प केलं आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"वाक्य पूर्ण करा," ती म्हणाली.